सोळा वेळा खाली पाहिले

सोमवार, ३ मार्च

धाकटे,

नऊ वर्षांनी पत्र लिहीत आहे, म्हणून आधी कारण लिहितो. ख्यालीखुशाली मागाहून, तीही तुझी हरकत नसेल तर. माझ्याजवळचा तुझा क्रमांक लागत नाही. हा पत्ता मला एका उमेदवार बाईंच्या अर्जात मिळाला. शिक्षण कोठे घेतले, या रकान्यात त्यांनी तुझ्या वर्गाचे नाव, रस्ता आणि ‘औषधाच्या दुकानावर, पहिला मजला’ इतके सविस्तर भरले आहे. शिकवणाऱ्याच्या रकान्यात तुझे नाव आहे. ते मी दोनदा वाचून खात्री केली.

गेली सहा वर्षे मी पडताळणीचे काम करतो. कंपन्यांना प्रोग्रॅम लिहिणारी माणसे हवी असतात. त्यांच्या वतीने आमची संस्था मुलाखती घेते. उमेदवार आपल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसतो, मुलाखत घेणारा दुसरीकडून प्रश्न विचारतो, उमेदवार पडद्यावर प्रोग्रॅम लिहून दाखवतो. या सगळ्याचे चित्रण होते. ते पाहून, उमेदवाराने चोरून मदत घेतली की काय, एवढेच मी सांगायचे असते. संगणकाच्या भाषा मला येत नाहीत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि या कामाला तेवढे पुरते. लक्ष डोळे, ओठ आणि हात यांवर ठेवायचे असते.

या बाईंना विचारलेला प्रश्न असा. चार आकड्यांची यादी दिलेली आहे. तिच्यातून निरनिराळे जेवढे गट निवडता येतील तेवढे सगळे प्रोग्रॅमने तयार करून दाखवायचे. एकाच आकड्याचा गट चालेल, चारही आकड्यांचा चालेल, आणि एकही आकडा नसलेला रिकामा गटही धरायचा. अकराव्या मिनिटापर्यंत बाईंना काहीही सुचले नाही. मग एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांच्या अवधीत त्यांनी सोळा वेळा टेबलाच्या कडेखाली पाहिले. प्रत्येक वेळी ओठ हलले. पाचव्या आणि सहाव्या वेळी उजवा हातही माउसवरून उठून टेबलाखाली गेला. त्यानंतर त्यांनी एकही अक्षर न खोडता नऊ ओळी सलग लिहून काढल्या, आणि उत्तर बरोबर आले. मुलाखत घेणाऱ्याने ‘उत्तम’ असा शेरा दिला आहे. तो पडद्यावरच्या ओळी पाहत होता. बाईंकडे पाहण्याचे काम माझे.

त्या नऊ ओळींत दोन ठिकाणी बाईंनी स्वतःसाठी टिपणे लिहिली आहेत. एके ठिकाणी ‘हा घेतला’, दुसऱ्या ठिकाणी ‘हा सोडला’. ही भाषा तुझी आहे. सुटीत खेळायला गडी निवडताना तू गच्चीवर उभी राहून हेच म्हणत असायचीस, आणि मला नेहमी सोडायचीस.

माझ्यापुढे तीन पर्याय असतात : निर्दोष, शंकास्पद, दोषी. दोषी ठरलेल्या उमेदवाराला आमच्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांची दारे दोन वर्षे बंद होतात. बाई छत्तीस वर्षांच्या आहेत, चौदा वर्षे शिवणकाम करीत आहेत, आणि ही त्यांची पहिलीच मुलाखत आहे. दोन वर्षांनी त्यांना कोणी बोलावील असे मला वाटत नाही. म्हणून अहवाल अजून कोरा ठेवला आहे.

तेव्हा सरळ विचारतो. टेबलाखाली कागद होता की फोन? हा प्रश्न येणार हे तुम्हांला आधी कळले होते का? कळले असेल तर कोणाकडून? हे विचारताना मी तुझा भाऊ आहे ही गोष्ट बाजूला ठेवली आहे, तूही ठेवावीस.

सोबतच्या पोचपावतीवर सही करून ती पोस्टमनकडे परत द्यावी.

दादा


मंगळवार, ११ मार्च

धाकटे,

तुझे उत्तर काल मिळाले. सरावाच्या एका छापील कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीने, तारीख न घालता लिहिलेले. “दादा, नऊ वर्षांनी आलास तो समन्स घेऊन. बहिणीकडून पोचपावती मागणारा भाऊ जगात एकच असणार, आणि तो माझ्याच वाट्याला आला.” हे वाक्य तुझ्या वहिनीने तीन वेळा मोठ्याने वाचले आणि तिन्ही वेळा हसली. तिने तुला विचारले आहे. ख्यालीखुशालीचा भाग यात संपला असे मी धरतो.

तू म्हणतेस, टेबलाखाली बाईंचा डावा हात होता आणि त्या बोटांवर मोजत होत्या. तुझे शब्द असे : “माझ्याकडे सगळी मोठी माणसं शिकायला येतात. बोटांवर मोजायची त्यांना लाज वाटते, म्हणून हात मांडीवर ठेवून मोजतात. मी वर ठेवा म्हटलं तरी ठेवत नाहीत.”

या उत्तराबद्दल माझ्या मनात काही शंका आहेत, आणि त्या न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी माझ्या पत्रात डाव्या हाताचा उल्लेख केलेला नाही. पत्राची प्रत माझ्याजवळ आहे, तीत पाहिले. मग तुला डावा हात कसा कळला? बाईंशी तुझे बोलणे झाले असेल, तर काय सांगायचे तेही ठरले असेल. दुसरे असे की बाई चौदा वर्षे मापे घेत आहेत. अशा व्यक्तीला चार आकड्यांसाठी बोटे कशाला लागतात? सहा वर्षांत मी पाहिले आहे की पकडले गेलेले लोक नेहमी ज्याची शहानिशा होऊ शकणार नाही असेच काहीतरी सांगतात. कोणी डोळ्यात कण गेला म्हणतो, कोणी पायाशी मांजर होते म्हणतो. टेबलाखालची बोटे मला त्याच जातीची वाटतात.

तिसरी शंका मोठी आहे. तुझा कागद मी उलटून पाहिला. छापील बाजूवर सहावा प्रश्न तोच आहे. पाच आकडे दिले आहेत, सगळे गट करायचे आहेत. म्हणजे बाईंना जो प्रश्न आला तो तुझ्या वर्गात आधीच होऊन गेलेला होता. याला मी योगायोग म्हणावे का?

हे सगळे तुझ्या वहिनीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “अहो, तुम्ही घड्याळात वेळ बघता आणि मग खात्री करायला दुसरं घड्याळ बघता. तिसरं घरात नाही म्हणून वाचलो.” त्या दोन घड्याळांत चार मिनिटांचा फरक आहे, हे मात्र ती सांगत नाही.

उत्तराची वाट पाहतो. अहवालाला मुदत असते.

दादा


मंगळवार, १८ मार्च

धाकटे,

तुझे दुसरे पत्र शुक्रवारी आले. या वेळी तू तारीख घातलीस, आणि तीही अधोरेखित केलीस. ते कशासाठी हे पुढे वाचल्यावर कळले.

डाव्या हाताचा खुलासा वाचून तुझी वहिनी खुर्चीतून उठून आत गेली, कारण तिला हसू आवरेना. “उजव्या हातात माउस होता असं तूच लिहिलंस. माणसाला हात दोनच.” हे मी मान्य करतो. प्रश्न फुटल्याच्या शंकेवर तू लिहितेस की हा प्रश्न जो तो विचारतो, मुलांना पाढे विचारावेत तसा, आणि जे जगजाहीर आहे ते फुटणार कसे. यावर मी कार्यालयात दोन मुलाखत घेणाऱ्यांना सहज म्हणून विचारले. एकाने, अजून हाच विचारतात का, असे म्हटले; दुसऱ्याने नुसतीच जांभई दिली. तेही मान्य करतो.

यापुढचे तुझे वाक्य मात्र मला पत्र खाली ठेवायला लावणारे होते. “तिने सोळा वेळा खाली बघितलं हे मोजलंस. चार आकड्यांचे गट किती होतात ते मोजलंस का?”

मी मोजले नव्हते. ते माझे काम नाही असे समजत होतो. शनिवारी सकाळी कागद घेऊन बसलो. रिकामा एक, एकेकट्याचे चार, दोघांचे सहा, तिघांचे चार, सगळ्यांचा एक. पुन्हा केले. सोळाच आले.

तरी माझे समाधान झाले नाही हे कबूल करतो. सोळा हा आकडा जुळणे पुरेसे नाही असे मी स्वतःला रविवारभर सांगत होतो. काल कार्यालयात जाऊन ते चित्रण पुन्हा लावले आणि तू लिहिलेस तसे माझा डावा हात मांडीवर ठेवला. अंगठा सोडून चार बोटे म्हणजे चार आकडे. बोट सरळ म्हणजे घेतला, मिटलेले म्हणजे सोडला. मूठ म्हणजे रिकामा गट. तर्जनीपासून सुरुवात केली. बाईंनी खाली पाहिले की मी पुढचा गट करायचा, असे ठरवले. मूठ. तर्जनी. मधले. दोन्ही. पाचव्या वेळी अनामिका एकटी उभी करायची होती, आणि ती उभी राहीना. शेजारचे बोट तिच्याबरोबर उठते. मी ते दुसऱ्या हाताने दाबून धरले. पडद्यावर पाहिले तर त्याच क्षणी बाईंचा उजवा हात माउसवरून उठून टेबलाखाली गेला होता.

माझ्या अहवालात या हालचालीसमोर ‘दुसरा हातही वापरून कागद उलटला असण्याची शक्यता’ असे लिहिलेले आहे.

चित्रण थांबवले नाही. सोळाव्या वेळी माझी चारही बोटे सरळ झाली, बाईंनी मान वर केली आणि लिहायला सुरुवात केली. मला संगणकाची भाषा येत नाही, पण त्या नऊ ओळींत आता काय आहे ते कळते. प्रत्येक बोटाला एकच विचारणा : घेतला की सोडला.

आता तू तारीख का अधोरेखित केलीस त्याबद्दल. “तुझं पत्र मला सहा तारखेला मिळालं. तिला नकाराचं पत्र चारलाच आलं होतं. तुझा कोरा अहवाल फारच लवकर भरला गेला, दादा. वर्गातली खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे.”

तीन तारखेला मी तुला पत्र लिहायला बसलो तेव्हा अहवाल जाऊन दोन तास झाले होते. दोषी, असा. मी तुला खोटे लिहिले. तुझे उत्तर मला निर्णय घेण्यासाठी नको होते, घेतलेल्या निर्णयाला दुजोरा म्हणून हवे होते. उमेदवाराशी संबंधित कोणी नात्यातले असेल तर त्याच दिवशी कळवावे असा आमचा नियम आहे. तोही मी मोडला आहे. नियम मोडणारा मी कार्यालयात पहिलाच नसेन, पण तो नियम नव्या लोकांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आहे.

दादा


गुरुवार, २७ मार्च

धाकटे,

अहवाल मागे घेण्याचा एक अर्ज असतो. सहा वर्षांत तो मी कधी उघडलेला नव्हता. त्यात कारण निवडावे लागते, आणि कारणे चार आहेत. चित्रणात बिघाड, उमेदवाराच्या ओळखीत घोटाळा, नियमात बदल, एकच अहवाल दोनदा पाठवला जाणे. पाचवे कारण नाही. मी खाली वर सरकवून पाहिले.

विभागप्रमुखांना विचारले. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि मला सर म्हणतात. खुर्ची ओढून माझ्या टेबलाशीच बसल्या आणि म्हणाल्या, “सर, तुमचा एकही अहवाल आजवर फिरलेला नाही. नवीन लोकांना आम्ही तुमचेच नमुने देतो. चित्रणात बिघाड टाका, मी सही करते. बाईंवरची बंदीही उठेल आणि तुमचं नावही राहील.”

मी लगेच नाही म्हणालो असे तुला वाटू नये. दुपारभर तो अर्ज उघडा ठेवून बसलो होतो. बंदी दोन्ही मार्गांनी उठणार होती, मग बाईंचे नुकसान काय, असाही हिशोब करून पाहिला. पण बिघाड लिहिले असते, तर त्यांच्या नावापुढे ‘पडताळणी होऊ शकली नाही’ हा शेरा राहिला असता, आणि तो वाचणाऱ्या पुढच्या माणसाच्या मनात काय येते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? साडेचार वाजता मी अर्जाऐवजी साधे पत्र लिहिले. कारण : तपासणाऱ्याची चूक. खाली दुसरा परिच्छेद जोडला, की उमेदवाराची शिक्षिका माझी सख्खी बहीण आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि मी ते लपवले.

मंगळवारी चौकशीसाठी तिघे जण बसले. बोटांचा प्रकार करून दाखवा म्हणाले. मी टेबलाखाली हात ठेवून सोळा गट केले. शेजारच्या टेबलावर माझ्याबरोबर चार वर्षे काम केलेला सहकारी टिपणे घेत होता. शेवटी तो अगदी हळू म्हणाला, “सर, तुम्हीपण प्रत्येक वेळी खाली बघता.”

मग विभागप्रमुखांनी विचारले की ‘वारंवार खाली पाहणे’ या कारणावरून मी आजवर किती जणांना दोषी ठरवले. आकडा मला पाठ होता. एकशे चाळीस. त्यांतले किती जण बोटांवर मोजत होते, असे त्यांनी विचारले नाही. त्यांना विचारण्याची गरज नव्हती. चित्रणे नव्वद दिवसांनी पुसली जातात. उरतात ते माझे अहवाल, आणि त्यांत प्रत्येक ओळ ठाम आहे.

बंदी उठली. ‘उत्तम’ हा शेरा परत लागला. ज्या कंपनीला बाई हव्या होत्या तिने ती जागा मधल्या काळात भरली आहे, त्याला इलाज नाही. मला पडताळणीतून काढून मुलाखतींच्या वेळा जुळवण्याच्या कामावर ठेवले आहे. तेही काम नेटके करावे लागते.

तुला हे सगळे कळवल्यावर, ‘मला कशाला सांगतोस, तिला जाऊन सांग’ असे तू म्हणशील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तेवढे पोस्टाचे तिकीट वाचव. मी शनिवारी जाणार आहे.

दादा


रविवार, ६ एप्रिल

धाकटे,

त्या शनिवारी गेलो नाही. बाईंच्या शिवणाच्या दुकानासमोरच्या पदपथावरून दोनदा पुढे गेलो आणि घरी आलो. काल आत गेलो.

दुकान म्हणजे दोन शिवणयंत्रे मावतील एवढी खोली. बाईंच्या गळ्यात टेप होती आणि तोंडात टाचण्या. त्यांना पाहताच मला अतिशय विचित्र वाटले. त्या विचारात पडल्या की खालचा ओठ डावीकडे ओढतात, हे मला ठाऊक होते. त्यांच्या घरातल्या भिंतीला कोणता रंग आहे, उत्तर आल्यावर त्या कशा एकदाच मान हलवतात, सगळे ठाऊक होते. त्यांनी मात्र मला कधी पाहिलेले नव्हते. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, “काय शिवायचंय?”

मी काय काम करीत होतो ते सांगितले. तुझा भाऊ असल्याचेही सांगितले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी चांगली ओळखतो. आधी माझे हात पाहिले, मग खिसे, मग माझ्यामागे कोणी आहे का ते. इतकी वर्षे मी त्या नजरेच्या दुसऱ्या बाजूला होतो. मग मी चुकलो एवढे म्हणालो. तयार करून नेलेले बाकीचे मुद्दे बोलता आले नाहीत.

बाईंनी कापडाची घडी घातली. मग विचारले, “किती वेळा बघितलंत मला?”

“चौदा वेळा.”

“चौदा वेळा बघितलंत. एकदा विचारायचं होतं.”

उमेदवाराशी बोलण्याची पडताळणी करणाऱ्याला परवानगी नसते, असे मी म्हणालो. हे खरे आहे, नियमावलीत आहे. बाई म्हणाल्या, “मग बरंच झालं की तुमचं.” रागाने म्हणाल्या नाहीत. त्यांनी यंत्राला दोरा लावला आणि मी आता निघावे असे त्यातून मला कळले.

दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मागून विचारले, की गुरुवारी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांची मुलाखत आहे, तिथेही माझ्यासारखे कोणी पाहत असेल का. असेल, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार केला, ओठ डावीकडे ओढला, आणि म्हणाल्या, “मग हात टेबलावर ठेवूनच मोजते. बघू देत.”

बाहेर पडल्यावर मी त्या दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसलो होतो. वयाला शोभत नाही, पण बसलो.

नऊ वर्षांपूर्वी तू शिकवत होतीस त्या शाळेतला परीक्षेचा पेपर फुटला त्या वेळी तू आमच्याकडे राहत होतीस आणि पेपर आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून काढला होतास. चौकशी समितीने मला बोलावले. तुमची बहीण पेपर घेऊन कोणाकडे गेली नव्हती अशी खात्री देता का, असे विचारले. मी म्हणालो, ती गेली की नाही हे मी पाहिलेले नाही, म्हणून खात्री देता येत नाही. पेपर छापखान्यातून फुटल्याचे दीड वर्षाने उघडकीस आले. तोवर तू राजीनामा देऊन गाव सोडले होतेस. माझ्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, असे मी तुला, वहिनीला आणि स्वतःला अनेकदा ऐकवले आहे.

समितीपुढून मी घरी आलो त्या संध्याकाळी तू जिन्यात उभी होतीस. मी तुला म्हणालो की समितीचे काम गोपनीय आहे, आणि वर गेलो. तू अर्धा तास तिथेच होतीस, हे वहिनीने मला नंतर सांगितले. तू काही सांगायला थांबली आहेस असे मी समजत होतो. तू मी विचारावे म्हणून थांबली होतीस. समितीला मी उत्तर दिले, पण त्याआधी किंवा नंतर तुला एकदाही विचारले नाही.

आता विचारत नाही. तू पेपर नेला नव्हतास. हे मी पाहिलेले नाही, आणि सही करून लिहून देत आहे.

तुझा दादा